स्वतंत्र प्लंबर म्हणून सुरुवात करताना: हत्यारं, कागदपत्रं, दर आणि गरम पाण्याचं काम

मिस्त्रीच्या हाताखाली तीन-चार वर्षं काढली की हात बसतो. झिरी (पाइपसाठी भिंतीत चर) मारता येते, पाइप जोडता येतो, नळाचं स्पिंडल डोळे मिटून बदलता येतं. मग एक दिवस ओळखीचे कुणीतरी काका विचारतात, "आमच्याकडचं काम तूच का नाही घेत?" स्वतंत्र धंदा बहुतेकांचा असाच सुरू होतो. पण हाताखाली काम करताना काही गोष्टी कधीच शिकायला मिळत नाहीत: दर कसा काढायचा, लिहून काय द्यायचं, कुठल्या कामाला नाही म्हणायचं. हा लेख त्यासाठी आहे. प्लंबिंगसोबत गीझर आणि सोलरचं काम करू पाहणाऱ्या, महाराष्ट्रातल्या शहरात किंवा तालुक्याच्या गावी सुरुवात करणाऱ्या माणसाला समोर ठेवून तो लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. आपलं बहुतेक काम लाद्यांच्या मागे आणि भिंतीच्या आत गाडलं जातं. सुताराचं कपाट गिऱ्हाइकाला उघडून बघता येतं, तुमचा जोड बघता येत नाही. त्यामुळे काम झाकण्याआधी ते दाखवायचं, तपासायचं आणि त्याचा पुरावा ठेवायचा. दर, कागद, हत्यारं सगळं यामागून येतं.

शिक्षण आणि प्रमाणपत्र

आयटीआयमध्ये प्लंबर हा १ वर्षाचा ट्रेड आहे. वय आणि परिस्थिती साथ देत असेल तर तो कराच. ड्रॉइंग वाचणं, उतार काढणं, दाबाचा हिशेब या गोष्टी साइटवर कुणी बसून शिकवत नाही. जे आधीच कामाला लागलेत त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनांमध्ये पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय असते. चौकशी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात करा. गावाकडे राहायचं असेल तर जल जीवन मिशनमधल्या 'नल जल मित्र' प्रशिक्षणाची माहिती ग्रामपंचायतीत विचारा. नळयोजना गावोगावी पोहोचल्या तशी त्यांची देखभाल करणारी माणसंही गावातच लागतात.

महापालिकेच्या हद्दीत आणखी एक परवाना असतो, तो म्हणजे परवानाधारक प्लंबरचा. पालिकेच्या जलवाहिनीवरून नवीन नळजोड घ्यायचा असेल तर अर्ज आणि काम अशाच प्लंबरमार्फत होतं. पहिल्या दिवशी तो हवाच असं नाही. घरातल्या दुरुस्त्या आणि नूतनीकरण त्याशिवाय करता येतं. पण पात्रतेच्या अटी आत्ताच आपल्या पालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून आणून ठेवा, म्हणजे अनुभवाचे दाखले आजपासून जमवता येतील.

मुंबई-पुण्याच्या साइटवर ओडिशाचे प्लंबर का दिसतात, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडई भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. तिथली मुलं हा धंदा मानाने करतात. आपल्याकडे अजूनही 'नळवाला' म्हटलं की घरच्यांची मान खाली जाते. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रं

यातलं सगळं एका आठवड्यात होतं, उगाच एजंटला पैसे देऊ नका.

उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर ती होते. तिच्यासारखी दिसणारी, 'फी' मागणारी खाजगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून सांभाळा. व्यवसायाचा गट विचारतील तेव्हा ४३२२ शोधा. प्लंबिंग, हीटिंग आणि एसी बसवण्याचं काम त्यातच येतं. ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्या दुकाने-आस्थापना नोंदणीचा २०१७ चा कायदा आल्यापासून एक-दोन माणसांच्या धंद्याला पूर्वीसारखा परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. बँकेत चालू खातं उघडताना ती पावती आणि उद्यम प्रमाणपत्र दोन्ही उपयोगी पडतात.

जीएसटीची नोंदणी सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की लागते. तोवर नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही, तो गुन्हा ठरतो. अ‍ॅपवरून मिळालेल्या प्लंबिंगच्या कामावर, तुमची नोंदणी नसेल तर कर भरायची जबाबदारी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीची असते. सोसायटीचं मोठं काम घेतलंत तर ते बिलातून १ टक्का टीडीएस कापतील. घाबरू नका, तुमच्या पॅनवर तो जमा होतो आणि विवरणपत्र भरलं की परत मागता येतो. पॅन दिला नाही तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते.

भांडवलासाठी मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. सुरुवातीच्या हत्यारांना ते पुरतं. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल पुष्कळ मुलं विचारतात. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी आहेत, प्लंबर नाही. त्या फॉर्मच्या मागे दिवस घालवू नका.

विमा मात्र टाळायचा नाही. बँकेतून निघणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो. शिडीवर आणि डक्टमध्ये (इमारतीच्या पाइपांच्या उभ्या पोकळीत) रोज चढणाऱ्या माणसाकडे तो नसणं बरं नाही.

हत्यारं: काय आधी, काय नंतर

१० आणि १४ इंची पाइप पाने, पंप प्लायर, स्क्रू पाना, हॅकसॉ, प्लास्टिक पाइपचा कटर, स्पिरिट लेव्हल, ओळंबा, टेप, छिन्नी-हातोडी, चांगली बॅटरी. एवढ्यात दुरुस्तीची ऐंशी टक्के कामं निघतात. हॅमर ड्रिल आणि ग्राइंडर चांगल्या कंपनीचे घ्या, रोजच्या वापरात स्वस्त मशीन वर्ष काढत नाही. स्लॅबला गोल भोक पाडणारं कोअर कटिंग मशीन विकत घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्याने किंवा बाहेरून करून घ्या. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा. पाने, व्हॉल्व्ह, फिटिंगची इतकी दुकानं एका ओळीत दुसरीकडे सापडायची नाहीत, आणि भावाचा अंदाजही येतो.

नवखी मुलं एका हत्याराला नेहमी मागे ढकलतात, ते म्हणजे हाताने दाबायचा टेस्टिंग पंप. तो पहिल्या यादीत घ्या. तो नसेल तर तुमच्या कामाचा पुरावाच नाही.

दर कसा काढायचा

'बाजारात काय चालतं' हे विचारून दर ठरवणारा माणूस कायम तोट्यात राहतो. आधी स्वतःचा हिशेब करा. समजा घरखर्च महिन्याला २५,००० आहे. पेट्रोल-गाडी ४,०००, हत्यारांची झीज २,०००, मोबाइल-विमा १,०००, आणि आजारपण-सणासुदीसाठी बाजूला ३,०००. झाले ३५,०००. महिन्यात कामाचे दिवस २६ धरले तरी पैसे मिळणारे दिवस २० च्या पुढे जात नाहीत. बाकीचे बघून येण्यात, माल आणण्यात, वसुलीत जातात. ३५,००० भागिले २०, म्हणजे दिवसाला १,७५० पदरात पडले तरच तुमचं भागतं. दिवसात चार किरकोळ दुरुस्त्या होत असतील तर एका फेरीमागे साडेचारशेच्या खाली परवडणार नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा आणि मग बाजारभावाशी ताडून बघा.

नूतनीकरणाची कामं पॉइंटवर, म्हणजे पाण्याच्या एकेका तोंडामागे दर ठरवून, दिली जातात. पॉइंट म्हणजे काय ते दर सांगतानाच स्पष्ट करा. गरम-गार मिक्सरचा एक पॉइंट की दोन, यावरून जेवढे वाद होतात तेवढे कशावरूनही होत नाहीत.

बोलून दर देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, साध्या मराठीत. असं काहीतरी:

"नमस्कार काका. आज पाहिलेल्या कामाचा अंदाज पाठवतोय. मोठ्या बाथरूमची गरम-गार लाइन नवीन सीपीव्हीसीमध्ये (गरम पाणी झेलणाऱ्या प्लास्टिक पाइपमध्ये), एकूण ९ पॉइंट. झिरी मारणं, पाइप बसवणं, प्रेशर टेस्ट आणि शेवटी नळ-फिटिंग मजुरीत धरलंय. लाद्या, वॉटरप्रूफिंग आणि राडारोडा खाली नेणं यात नाही. माल तुम्ही थेट दुकानातून घ्या, यादी मी देतो. मजुरी तीन टप्प्यांत: काम सुरू होताना, प्रेशर टेस्ट दाखवल्यावर, फिटिंग झाल्यावर."

'यात नाही' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आणि माल गिऱ्हाइकाने थेट घेतला की तुमचे पैसे त्यात अडकत नाहीत. दुकानदार प्लंबरला कमिशन देतात, ही रीत जुनी आहे. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा तेवढी सूट गिऱ्हाइकाच्या बिलात लावून घ्या आणि आपली मजुरी पुरेशी ठेवा. ज्या घरात तुम्ही पैसे वाचवून दिलेत, ते घर पुढची दहा वर्षं तुम्हालाच बोलावतं.

गळती: सुरुवातीची बहुतेक कामं हीच

"खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आलीय" हा फोन आठवड्यातून एकदा तरी येणार. छिन्नी काढण्याआधी पाणी कुठलं आहे ते ओळखा. ठिबकणं चोवीस तास सारखं चालू असेल तर बहुधा दाबाची लाइन फुटली आहे. वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवायला सांगा. सकाळपर्यंत ठिबकणं थांबलं किंवा कमी झालं तर तो संशय खरा. आंघोळीनंतर तासाभराने ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅपचा (फरशीच्या जाळीखाली पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाचा) जोड किंवा लाद्यांमधले सांधे बघा. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी साठवा. रंग खाली उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही उतरला तर तोंड उघडून तेच पाणी सोडा, आता उतरला तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप. पावसातच ओल येत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा पावसाच्या पाइपमध्ये असतो, बाथरूम फोडून काही मिळणार नाही.

प्रत्येक पायरीचा फोटो तारखेसह ठेवा. सोसायटीत वरचे-खालचे शेजारी भांडत असतात आणि दोघंही तुम्हाला आपल्या बाजूने बोलायला लावतात. बाहेरच्या सामाईक लाइनची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची आणि घरातली सभासदाने, असं आदर्श उपविधींमध्ये आहे. तुम्ही फक्त काय दिसलं ते सांगा. कुणाचा खर्च ते कमिटी ठरवेल.

पाइपचं काम करताना

सीपीव्हीसी घेताना त्यावर आयएस १५७७८ छापलेलं बघा. गरम लाइनला एसडीआर ११ च (जाड भिंतीचा पाइप) वापरा. हा पाइप साध्या पाण्याला चौरस सेंटीमीटरला २८ किलोच्या आसपास दाब झेलतो, पण ८२ अंशांच्या पाण्याला तोच ७ किलोवर येतो. पाइप सरळ कापा, आतली-बाहेरची खर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, सीपीव्हीसीचंच सोल्यूशन लावा, पाव वळसा देऊन अर्धा मिनिट धरून ठेवा. यूपीव्हीसीचं, म्हणजे गार पाण्याच्या पाइपचं, सोल्यूशन सीपीव्हीसीला लावून मोकळं होणारे आहेत. तो जोड गार पाण्यात वर्षं काढतो आणि गीझर जोडला की सुटतो. नळाच्या तोंडाला पितळी आट्यांचंच फिटिंग घ्या.

टेस्ट जोड वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी. आधी लाइनमधली हवा पूर्ण काढा. मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. घरातल्या लाइनला मी सात किलोच्या खाली थांबत नाही. काटा रात्रभर तसाच राहिला पाहिजे. संध्याकाळी आणि सकाळी काट्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. भिंती बुजवण्याआधी पूर्ण बाथरूमचा व्हिडिओ काढा, टेप लावून, पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते दिसेल असा. वर्षभराने कुणी आरसा लावताना ड्रिल मारून पाइप फोडला तर हाच व्हिडिओ तुमच्या बाजूने बोलतो.

सांडपाण्याच्या लाइनला उतार द्या: १०० मिमी पाइपला साधारण ४० ते ६० फुटांत १ फूट. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास घरात येणारच.

दाबाचं एक गणित तोंडपाठ हवं: १० मीटर उंचीला १ किलो. टाकीचा तळ शॉवरपासून ३ मीटर वर असेल तर शॉवरला जेमतेम ०.३ किलो दाब मिळणार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंनी मोठा रेन शॉवर आणून ठेवला असेल तर तो बसवण्याआधी हे सांगा. दाबाचा पंप लागेल हे आधी कळलं तर सल्ला वाटतो, नंतर कळलं तर सबब वाटते.

गरम पाणी: पैसा इथे, जोखीमही इथेच

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळतं. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट लागते. "हे ठिबकणं बंद करा" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या तोंडाला प्लग कधीही मारू नका. दाब अडकला तर टाकी फाटते. थेंब नळीने नहाणीपर्यंत नेऊन द्या. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना ८ बारचा (साधारण ८ किलो दाब झेलणारा) गीझर घ्यायला लावा. बोअरच्या पाण्याला क्षार धरतात, म्हणून वर्षातून एकदा कॉइल आणि अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंजू न देणारी कांडी) बघा. विजेची जोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते, २ किलोवॅटच्या कॉइलला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. गिऱ्हाईक विचारतंच, उत्तर तयार ठेवा.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये बसवायचा नाही. कुणीही, कितीही आग्रह केला तरी नाही. हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दर हिवाळ्यात बाथरूममध्ये मरण पावलेल्या माणसांच्या बातम्या येतात. उघड्या ड्राय बाल्कनीत जागा असेल तर बसवा, नसेल तर काम सोडा. पाइप गॅसच्या लाइनला आपण हात लावत नाही, ते गॅस कंपनीच्या माणसाचं काम.

सोलरमध्ये चांगले पैसे आहेत, कारण बसवणारे खूप आणि नीट बसवणारे थोडे. १०० लिटरच्या सपाट पॅनेलच्या सोलरला साधारण २ चौरस मीटर पॅनेल लागतं, तोंड दक्षिणेला, दुपारभर सावली नको. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा. एअर व्हेंटचा पाइप गार टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा उंच न्या, आणि त्यावर कॉक नको. उन्हाळ्यात घर बंद असेल तर ट्यूबच्या सोलरमधलं पाणी ८२ अंशांच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून टाकीजवळचा पहिला तुकडा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ठेवा.

तक्रारी मात्र दोनच येतात. पहिली: "गरम पाणी यायला बादली वाया जाते." एक इंची सीपीव्हीसीत मीटरमागे ४०० मिलिलिटरहून जास्त पाणी मावतं. गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मीटर लाइन असेल तर आठ-साडेआठ लिटर गार पाणी निघाल्याशिवाय गरम येणारच नाही. लाइन आखूड करा, व्यास गरजेपुरता ठेवा, पूर्ण लाइनला इन्सुलेशन चढवा. दुसरी: "मिक्सर चालू केला की गरम पाणीच येत नाही." गार पाणी पंपाच्या दाबावर आणि गरम पाणी फक्त टाकीच्या उंचीवर असेल तर गारचा दाब गरमला मागे रेटतो. दोन्ही लाइन एकाच दाबावर आणा, गरमला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं न जाऊ देणारा) घाला. ही दोन दुखणी नीट काढणारा प्लंबर त्या भागात नावाने ओळखला जातो.

नाही म्हणायची कामं

सेप्टिक टँकमध्ये किंवा चेंबरमध्ये उतरायचं नाही, हेल्परलाही उतरवायचं नाही. आत विषारी वायू साठतो आणि एका श्वासात माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवायला सांगा. बाहेरच्या डक्टमध्ये बेल्ट-दोरीशिवाय चढायचं नाही. बिल्डरचं मोठं काम पहिल्या वर्षी एकट्याने घेऊ नका. पैसे महिनोन्‌महिने अडकतात आणि घरची दुरुस्तीची गिऱ्हाइकं तेवढ्यात तुटतात.

गिऱ्हाइकं आणि वर्षाचा हिशेब

गुगल नकाशावर धंद्याची नोंद करा, मोफत असते. जवळच्या हार्डवेअर दुकानात आणि तीन-चार सोसायट्यांच्या ऑफिसात नंबर ठेवा. येतो म्हटल्यावर त्या वेळी पोहोचा, उशीर होणार असेल तर आधी फोन करा. काम झाल्यावर बाथरूम पुसून बाहेर पडा.

प्रत्येक घराची नोंद ठेवा: पत्ता, गीझर कुठला, कधी बसवला, मुख्य कॉक कुठे आहे. त्यावरून वर्षाची कामं आखता येतात. दिवाळीआधी गीझरची सर्व्हिसिंग, कारण थंडी पडली की सगळ्यांचे फोन एकदम येतात. मार्च ते मे पाण्याची ओढाताण, तेव्हा टाक्या, बॉल व्हॉल्व्ह आणि मोटारी. मेअखेरीस गच्चीवरचे पावसाचे पाइप साफ करणं, आणि जूननंतर गळती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांना एक मेसेज टाका: "काकू, गीझर बसवून वर्ष झालं, दिवाळीच्या आत एकदा बघून जातो." पुढच्या दोन आठवड्यांची वही त्यातून भरते.